कळायचं मागनं

“म... का... म-का. आता जोडून म्हण. काय झालं?”

“कणीस,” मायाक्का म्हणाली.

वर्गातली पोरं खो खो हसली. मी पत्ती तिच्या नाकासमोर धरली. पत्तीवर खाली ‘मका’ अशी दोन ठसठशीत अक्षरं होती आणि वर पिवळ्याधमक कणसाचं चित्र.

“कणीस कुठं लिहिलंय गं? दाव बघू.”

तिनं चित्रावर बोट ठेवलं. पुन्हा हशा. मी कपाळावर हात मारून घेतला.

सोळा वर्षं झाली त्याला. लवटेवस्तीवरच्या एका खोलीच्या शाळेत मी एकटा मास्तर होतो. हिंगमिरे गुर्जी म्हणायचे मला. चार वर्गांची मिळून बावीस पोरं. वस्ती सगळी मेंढपाळांची. दिवाळी झाली की गडीमाणसं मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायची, ती पावसाच्या तोंडाला परत. मागं राहायच्या बायका, म्हातारी माणसं आणि माझी पोरं.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी तालुक्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण करून आलो होतो आणि माझ्या अंगात आलं होतं म्हणा ना. अक्षराचं नाव घोकायचं नाही, आवाज शिकवायचा. एका आवाजाला एक खडा. म्हणताना खडा पुढं सरकवायचा, मग दोन्ही खडे जवळ आणायचे आणि जोडून म्हणायचं. पद्धत झकास होती, आजही म्हणेन मी. जी पोरं दोन-दोन वर्षं भिंतीसारखी बसून होती ती महिन्याभरात वाचायला लागली. आमच्या भागातल्या अकरा शाळांत एकाही शाळेची सगळी पोरं वाचत नव्हती. माझी एकवीस वाचत होती. मार्चमध्ये मोठे साहेब तपासणीला येणार होते, आणि ज्या शाळेत शंभर टक्के वाचन होईल तिच्या भिंतीवर तसं रंगवायचं असं ठरलं होतं. मला ती भिंत झोपेत दिसायची.

आडवी आली होती ही एकटी. तिसरीतली मायाक्का बिरा लवटे. सडपातळ, उन्हानं तांबूस झालेले केस, आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ शिदू. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, म्हणून शिदूसुद्धा शाळेत. तो माझे खडे तोंडात घालायचा आणि ही वाचता वाचता त्याच्या गालात बोट घालून ते बाहेर काढायची.

तिची आई हौसा एका सकाळी दारात आली. आत यायची नाही ती कधी.

“गुर्जी, जमंल का वो हिला?”

“का गं हौसाबाई, एवढी काय घाई?”

“हिचा बा सांगून गेलाय. म्हणला, तीन वर्सं झाली साळंला, पोरगी एक वळ वाचंना. मी माघारी येस्तवर वाचाय लागली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर फुडल्या खेपंला मेंढरांमागं घेऊन जातो.” ती पदर चाळवत राहिली. “मी गेली हुती न्हवं का मेंढरांमागं. पाय फुटत्यात. हिला नगं.”

“तुझा नवरा यायच्या आत ही पेपर वाचून दाखवेल,” मी म्हणालो. बोलायला आपलं काय जातं!

त्या दुपारी पोरं जेवायला बसली तशी मी कात्री घेतली आणि पेटीतल्या सगळ्या पत्त्यांवरची चित्रं कापून टाकली. कणीस, बदक, कमळ, नळ, सगळी. पोरगी अंदाज करते हा रोग होता, आणि रोगाचं मूळ चित्रात होतं. मायाक्का डबा तसाच ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“गुर्जी, आता मक्याचं हाय ह्ये कसं कळायचं?”

“कळायचं नाही. वाचायचं.”

“पण वाचून काय...”

“आधी वाचायचं. कळायचं मागनं.”

पोरांना ते एवढं आवडलं की त्यांनी त्याचं गाणंच करून टाकलं. तिनं तोंड उघडलं की मागनं कुणीतरी ओरडायचं, ‘कळायचं मागनं!’ कारण तिची एक खोडच होती. शब्द जमला की पुढचा घ्यायच्या आधी ती मान वर करायची. “गुर्जी, ‘नभ’ म्हंजे काय?” “गुर्जी, ‘तट’ म्हंजे काय?” गाडी रुळावर येते न येते तोच ब्रेक. मी म्हणायचो, मागनं सांगतो. खरं सांगायचं तर ते मागनं कधी आलंच नाही. वेळ कुणाला होता?

पण चित्रं गेली आणि तिसऱ्या आठवड्यात ती वाचायला लागली. फेब्रुवारीतला सोमवार होता. तिनं चार खडे एकामागून एक सरकवले आणि ‘सरबत’ म्हणाली. मग स्वतःच दचकली. मी पत्ती बदलली. ‘मगर.’ बदलली. ‘पाटी.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी पोरांच्या देखत तिच्या पाठीवर थाप मारली आणि शिदूला उचलून गरागरा फिरवलं.

मग मी सगळ्यांना गृहपाठ दिला. दिसेल ते वाचायचं. मिठाची पुडी, काडेपेटी, यष्टीची पाटी, दवाखान्याची भिंत. जिथं अक्षर तिथं थांबायचं आणि मोठ्यानं वाचायचं. मायाक्का तर झपाटलीच. आता अडायचं ते फक्त जोडाक्षरांपाशी. साहेब यायला पंधरा दिवस राहिले होते आणि मी तिला जोडाक्षरं घोटत होतो.

मार्च लागला तसं वस्तीवरच्या बोअरचं पाणी आटलं. बायका पुन्हा ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवर जायला लागल्या.

बुधवारची संध्याकाळ होती ती. शाळा आवरून मी सायकलवरून गावाकडं निघालो होतो. विहिरीपाशी पाच-सहा बायका घागरी घेऊन उभ्या, कुणी पाणी शेंदत होतं, आणि त्यांच्या मधोमध मायाक्का, कडेवर शिदू. विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी लाल रंगात ठळक अक्षरं काढली होती. सकाळी नव्हती ती. रंग अजून चमकत होता.

“गुर्जी, थांबा! नवं लिवलंय,” ती ओरडली. “मी वाचती.”

मी एक पाय जमिनीवर टेकवून थांबलो. तिनं बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिले तीन शब्द तिनं असे घेतले की बायकांच्या हातातला दोर थांबला. चौथ्यापाशी अडली.

“पि... ण... या...”

“ण अर्धा आहे. नाकातनं काढ आणि या ला चिकटव.”

“ण्या. पिण्या... स.”

“वा! पुढं.”

पुढच्या शब्दात ‘ग्य’ होता. ग्य म्हणजे माझ्या पोरांचा काळ. मी श्वास धरून ऐकत होतो. तिनं एकदा ‘गय’ म्हटलं, मग डोळे मिटले, ओठ हलवले, आणि ‘ग्य’ असा स्वच्छ उमटला की एखाद्या शहरगावच्या पोरीनं म्हणावा. उरलेलं सगळं तिनं एका दमात संपवलं.

“शाब्बास गं माझ्या वाघिणी!” मी सायकल आडवी टाकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. हौसा तर घागर धरून नुसती हसत होती.

मायाक्कानं मान वर केली. “गुर्जी, म्हंजे काय?”

“ते मागनं. आधी सगळं परत एकदा वाच, न अडता.”

तिनं वाचलं. न अडता. मी खूश होऊन म्हणालो, “हौसाबाई, तुझी पोरगी पास झाली. आता पाणी पाज मास्तरला, तोंड गोड कर.”

हौसानं तांब्या विसळून भरून दिला. मी गटागटा प्यालो. उरलेलं पाणी मायाक्कानं शिदूला पाजलं. तांब्या त्याच्या हातांत मावत नव्हता, तिनं खालून हात धरला होता. बायकांनी घागरी भरल्या आणि मी शीळ घालत घरी गेलो.

गुरुवारी दुपारी माझ्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत उभं राहायचं त्राण उरलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावून दोन दिवस पडून होतो. शेजारच्या खाटांवर लवटेवस्तीची माणसं येत गेली. एक, तीन, सात, अकरा. शुक्रवारी सकाळी हौसा आणि मायाक्का जीपमधून आल्या. मी मान वळवून बघितलं. मायाक्काची कड रिकामी होती. शिदू वाटेतच गेला होता.

शनिवारी मला सोडलं. मी घरी गेलो नाही. रिक्षातून ओढ्यापाशी उतरलो आणि विहिरीच्या कठड्यासमोर उभा राहिलो.

‘या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.’

ते वाक्य मी बुधवारी दोनदा ऐकलं होतं. ‘अयोग्य’ हा सरकारी शब्द बायकांना कळला नव्हता, मला कळायला हवा होता. दुसऱ्यांदा तर मीच वाचायला लावलं होतं. आणि मी ऐकलं काय होतं, तर ण्या आणि ग्य. मी तिथंच खाली बसलो. मला रडू येईना.

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं बैठक झाली. ग्रामसेवक आले होते, खाकी फाईल छातीशी धरून. आरोग्यवाल्यांचा अहवाल बुधवारी आला, त्याच दुपारी शिपायाला धाडून कठडा रंगवून घेतला, यात पंचायतीची काय चूक, असं त्यांचं म्हणणं. शिपाई आला तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं, बायका कामावर. तो रंगवून निघून गेला होता.

“आमाला कुठं वाचाय येतंय?” एक म्हातारी कडाडली. “तोंडानं सांगाया काय झालं हुतं मुडद्याला?”

“असं कसं बाई? तुमच्यातल्याच पोरीनं तिथं उभं राहून वाचून दाखवलं म्हणे. टाळ्या वाजवल्या तुम्ही.” ग्रामसेवकांनी फाईल उघडली, मिटली. “आता पोरीनं चुकीचं वाचलं असेल तर त्याला आम्ही काय करणार?”

सगळ्यांनी मायाक्काकडं बघितलं. ती देवळाच्या पायरीवर बसली होती. शेजारी तिचा बाप, बिरा. निरोप मिळाल्यावर मेंढरं भावावर टाकून दोन दिवस चालत आणि मिळेल त्या गाडीनं आला होता. त्याला पोराचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. मायाक्का हळूच म्हणाली, “गुर्जी शाब्बास म्हणलं हुतं.”

हौसा उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवत नव्हतं.

“गुर्जी, तुमी हुता की तितं. माझी पोरगी चुकीचं वाचली का वो?”

एका शब्दाचं उत्तर होतं. ‘नाही.’ पण त्याच्या पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग तुमी ऐकलं न्हाई? मग पाणी का भरू दिलं? मग तुमी का प्याला? अकरा घरं समोर बसली होती. बाहेरगावचा मास्तर होतो मी. खरं सांगतो, मी भ्यालो.

“मी घाईत होतो हौसाबाई,” मी म्हणालो. “सगळं ऐकलं नाही मी. लहान आहे ती. जोडाक्षरात अजून चुकते.”

 एक बाई म्हणाली, “जाऊ द्या, गुर्जी सोता पानी पिऊन मरता मरता वाचलं.” आणि माझ्याबद्दल सगळ्यांना दयाच आली. हौसा जागेवर जाऊन बसली. तिनं पोरीला ना मारलं, ना बोलली. पण मायाक्का पायरीवरून उठून आईला टेकायला गेली तेव्हा हौसा जराशी बाजूला सरकली.

मायाक्का माझ्याकडं बघत होती. बैठक मोडेपर्यंत बघत होती.

बुधवारी साहेब आले. मला वाटलं होतं ती येणार नाही. पण आली, वेणी घालून आली. एकवीस पोरांनी धडाधड वाचलं. साहेबांनी हसत हसत पुस्तक तिच्यापुढं धरलं.

“वाच बाळ.”

तिनं पानाकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते, मला दिसत होते. ती मनात वाचत होती. मग तिनं पुस्तक मिटून परत दिलं.

“मला वाचाय येत न्हाई.”

“थोडं तरी?”

“मी चुकीचं वाचती,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. माणूस वाईट नव्हता. “एकीसाठी कशाला घालवता हो? मेंढपाळाचीच ना? बाप फिरतीवर असतो म्हणता. पटावर ‘स्थलांतरित’ लिहा आणि मोकळे व्हा. ही भिंत रंगवून घ्या.”

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो की तिला येतं, सगळ्यांत चांगलं तिलाच येतं. मग का गप्प आहे, हेही सांगावं लागलं असतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि लाल शाईनं तिच्या नावापुढं लिहिलं. स्थलांतरित. हस्ताक्षर माझं छान आहे.

शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर चढून शाळेची भिंत रंगवत होतो. रंगारी मिळाला नव्हता, म्हणून म्हटलं आपणच करू. मनातनं लाज वाटत होती आणि हात चालत होता. शेवटचा शब्द उरला होता, तेवढ्यात खालून आवाज आला.

“रामराम गुर्जी.”

बिरा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मागं मायाक्का. तिच्या डोक्यावर बोचकं होतं, पायांत बापाच्या जुन्या वहाणा कापून बारीक केलेल्या. शाळेच्या दारातनंच रस्ता जायचा.

“न्हेतो हिला,” बिरा म्हणाला. “तिची आई बी बघंना तिच्याकडं. मेंढरांत जीव रमंल. वाचाय काय आलं न्हाईच म्हणा.”

मी ‘बरं’ म्हणालो. ‘बरं’ म्हणालो मी! आणि उरलेला शब्द पुरा करायला भिंतीकडं वळलो.

पाठीमागून ती वाचायला लागली. खडे नव्हते, बोट नव्हतं, अडणं नव्हतं.

“या शाळेतील सर्व मुलांना वाचता येते.”

‘येते’ मधला शेवटचा ते मी अजून काढलाही नव्हता.

बिरा जागच्या जागी थांबला. पोरीकडं बघत राहिला. मायाक्कानं बोचकं सावरलं, मान वर केली, आणि बऱ्याच दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

“गुर्जी, म्हंजे काय?”

माझ्या हातातला ब्रश निथळून लाल थेंब स्टुलावर पडत होते.

“आगं, तुला येतंय?” बिरा म्हणाला. “मग देवळापुढं... गुर्जी, हिला वाचाय येतंय?”

मी स्टुलावरून खाली उतरलो. वर उभं राहून ते बोलता आलं नसतं.

“येतं. तेव्हाही येत होतं. विहिरीवर तिनं एकही अक्षर चुकवलं नाही. पाणी पिऊ नका असंच लिहिलं होतं, तसंच वाचलं तिनं, दोनदा. मला विचारलंसुद्धा, म्हणजे काय. मी म्हणालो, मागनं सांगतो. चूक माझी होती बिरा. देवळापुढं मी खोटं बोललो.”

तो काठी घालेल असं मला वाटलं. घातली असती तर बरं झालं असतं. त्यानं भिंतीकडं बघितलं, त्याला न वाचता येणाऱ्या त्या लाल अक्षरांकडं. मग त्यानं पोरीच्या डोक्यावरचं बोचकं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, “चल आईकडं. आदी तिला सांगू.”

“आणि शाळा?” मी म्हणालो. “बिरा, हात जोडतो, राहू दे तिला. मी स्वतः...”

“न्हाई गुर्जी. आईला सांगून दुपारच्या गाडीनं जातो आमी.” त्यानं काठी उचलली. “वाचल्यालं कळंल अशी साळा निघाली म्हंजे निरोप धाडा. आणून सोडतो.”

ती दोघं वस्तीकडं परत वळली. मायाक्कानं बापाचं बोट धरलं होतं. दुपारी हौसा गाडीपर्यंत सोडायला गेली तेव्हा पोरीला कडेवर घेऊन गेली म्हणे. आठ वर्षांच्या घोडीला. मी बघितलं नाही, पोरांनी सांगितलं.

मी ओल्या फडक्यानं भिंत पुसली. रंग गेला नाही, नुसता पसरला. चित्रं कापलेल्या पत्त्यांवर मी सुट्टीभर बसून हातानं परत चित्रं काढली, कणसापासून सुरुवात करून. जूनमध्ये माझी बदली झाली, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. पटावरचं ते लाल अक्षर तसंच राहिलं. पुढं पंधरा वर्षं शिकवलं मी, आणि मान वर करून एखादं पोरगं ‘म्हणजे काय’ म्हणालं की हातातलं सगळं खाली ठेवलं.

निरोप धाडायचा मात्र राहून गेला. दर वर्षी वाटायचं, या वर्षी धाडू.